होलारचं सेंट पॉल: तांब्यावरच्या कामाच्या नोंदी

६ जुलै २०२४

काम ठरलं. लंडनच्या जुन्या सेंट पॉल कॅथेड्रलची, सतराव्या शतकातल्या वेन्सेस्लाउस होलार या चित्रकाराने तांब्यावर केलेली चित्रं आहेत, त्यांतल्या दोन चित्रांचा एकेक तुकडा मी तांब्यावरच, जमेल तितकं त्याच्या पद्धतीने उतरवणार आहे. पहिला तुकडा मुख्य दालनाच्या आतल्या चित्रातला: डाव्या हाताच्या तीन कमानी आणि त्यांच्यावरचं छत. दुसरा मनोऱ्यावरच्या सुळक्याचा.

हीच दोन निवडली याला कारण आहे. दालनात होलार स्वतः उभा राहिला होता. सुळका मात्र त्याने पाहिलेला असणं शक्यच नाही. तो ४ जून १५६१ रोजी वीज पडून जळाला आणि पुन्हा कधी बांधला गेला नाही. होलारचा जन्म १६०७ चा, तोही प्रागमधला. डोळ्यांनी पाहून काढलेली रेषा आणि ऐकून किंवा जुन्या चित्रावरून काढलेली रेषा, यांतला फरक हाताला कळतो का, एवढाच माझा प्रश्न आहे. नुसतं बघून त्याचं उत्तर मिळत नाही. वीस वर्षं मुद्राचित्रं करतेय, तेवढं नक्की कळलंय.

टोरांटो विद्यापीठाच्या ग्रंथालयाने होलारच्या चित्रांचे मोठे स्कॅन सगळ्यांसाठी खुले ठेवले आहेत. दोन्ही चित्रं उतरवून घेतली, मोठी करून छापली आणि टेबलासमोरच्या भिंतीला लावली.

९ जुलै

शब्दांवरच अडले. नोंदी मराठीत लिहायच्या तर इमारतीच्या भागांना काय म्हणायचं? हात आपोआप सभामंडप, गर्भगृह, कळस या शब्दांकडे जातो. पण ते वापरले की डोळ्यांसमोर देऊळ उभं राहतं आणि हिशेब चुकतो. देवळात आपण उजेडाकडून अंधाराकडे जातो. गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन चर्चमध्ये पूर्वेच्या टोकाला बहुधा मोठी खिडकी असते, म्हणजे माणूस चालत जातो तो उजेडाकडे. हा फरक शब्दात बुडून जाता कामा नये.

म्हणून ठरवलं: नेव्हला ‘मुख्य दालन’, क्वायरला, म्हणजे पाद्री आणि गायक बसतात त्या पूर्वेकडच्या भागाला, क्वायरच. छताला आधार देणाऱ्या दगडी पट्ट्यांना ‘बरगड्या’, बाहेरून भिंतीला टेकू देणाऱ्या बांधकामाला ‘धिरा’. आणि स्पायरला ‘सुळका’. सह्याद्रीत फिरणाऱ्या कुणालाही सुळका म्हटल्यावर नेमकी आकृती दिसते. कळस फार छोटा पडतो.

आणखी एक. या चित्रांना सरसकट एन्ग्रेव्हिंग म्हणतात, पण होलारची बहुतेक कामं एचिंग आहेत. एन्ग्रेव्हिंगमध्ये ब्यूरिन हे टोकदार पोलादी हत्यार हाताच्या जोराने तांबं कापत जातं. त्या रेषेचं टोक सुईसारखं निमुळतं होतं, पोटात ती फुगते. एचिंगमध्ये पत्र्यावर मेणाचा थर देतात, सुईने फक्त तो थर खरवडतात आणि तांबं खाण्याचं काम अॅसिड करतं. रेषा सगळीकडे सारख्या जाडीची, टोकं बोथट. भिंग लावलं की होलारची टोकं बोथट दिसतात.

१४ जुलै

तांबट आळीत गेले. बाजारात रोलिंग मिलचा सपाट पत्रा मिळतो आणि एरवी मी तोच वापरते. पण होलारच्या काळातले पत्रे हातोडीने ठोकून केलेले असायचे. तसा एक तरी पत्रा हातात धरावा अशी फार इच्छा होती.

ज्या काकांकडे गेले त्यांची तिसरी पिढी या धंद्यात. आधी त्यांना वाटलं मला मठारकाम हवंय, ती गोल ठोक्यांची चमकदार नक्षी. म्हटलं, “काका, मठार नको. ठोक्याचा एकही वळ दिसायला नको.” त्यांनी पत्रा उजेडासमोर तिरका धरला. “मग ठोकायचं कशाला ताई? सरळ घ्या की.” मी सांगितलं की ठोकून कडक झालेल्या तांब्यावर रेषेची कड जास्त टिकते असं वाचलंय. त्यांनी लगेच मान हलवली. “ते बरोबर आहे. भट्टीतून काढलं की तांबं मेणासारखं. ठोकलं की ताठ होतं.” सपाट तोंडाच्या हातोडीने, खाली पोलादी ऐरण ठेवून, दीड तासात त्यांनी मला १५ बाय २० सेंटिमीटरचे दोन तुकडे करून दिले. घरी येऊन पाण्याच्या दगडावर आणि नंतर कोळशावर घासतेय. अजून दोन संध्याकाळी जातील.

तांबट आणि छपाई ही जोडी आपल्याकडे नवी नाही. १८०५ साली मिरजेला भगवद्गीता छापली गेली ती तांब्याच्या कोरलेल्या पत्र्यांवरूनच. घासताना सारखं तेच मनात येत होतं.

२० जुलै

आज हत्यारांना हात लावला नाही. दिवसभर दालनाच्या चित्रासमोर बसले.

ही इमारत एका काळाची नाही, आणि होलारने ते लपवलेलं नाही. १०८७ च्या आगीनंतर नवं चर्च सुरू झालं. मुख्य दालन त्या नॉर्मन पद्धतीचं, बारा कमानींचं: जाडजूड खांब, अर्धगोल कमानी. त्यावर नंतर चढलेलं बरगड्यांचं छत. पूर्वेकडचा क्वायर तेराव्या शतकाच्या मध्याला वाढवायला घेतला, तो पूर्ण गॉथिक. तिथे कमानी टोकदार, खांब म्हणजे बारीक दांड्यांच्या जुड्या, आणि शेवटच्या भिंतीत सात उभ्या खिडक्यांवर एक भलीमोठी चक्राकार खिडकी. दालनात पश्चिमेकडून उभं राहिलं तर जवळची कमान गोल आणि दूरवर सगळं टोकदार होत गेलेलं.

होलार १६३६ मध्ये अरुंडेलचा अर्ल या इंग्लिश सरदाराबरोबर इंग्लंडला आला. तेव्हा या चर्चची मोठी डागडुजी चालली होती. वास्तुकार इनिगो जोन्सने पश्चिमेच्या तोंडाला रोमन धाटणीची खांबांची पडवी लावली, बाहेरच्या भिंतींना नवा दगड चढवला. मग राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी युद्ध झालं. होलार अँटवर्पला गेला, १६५२ मध्ये परतला. मधल्या काळात दालनात सैन्याचे घोडे बांधले होते. मनोऱ्याला आधार म्हणून उभी असलेली लाकडी परांची सैनिकांच्या थकलेल्या पगारापोटी देऊन टाकली. ती काढताच दक्षिण बाजूच्या छताचा भाग खाली आला.

इतिहासकार विल्यम डग्डेल यांनी चर्चचा इतिहास लिहायला घेतला तो या अवस्थेत. ग्रंथ १६५८ मध्ये निघाला. होलारचे पत्रे त्यासाठीच. पत्र्याचा खर्च उचलणाऱ्या दात्याचं नाव आणि कुलचिन्ह चित्रातच कोरलेलं असतं.

दालनाच्या चित्रावर होलारने स्वतःबद्दल लॅटिनमध्ये एक वाक्य लिहिलंय. मराठीत असं: ‘बोहेमियाचा वेन्सेस्लाउस होलार, रोज कोसळण्याची वाट पाहत असलेल्या या चर्चचा रेखाटनकार आणि एके काळचा चाहता, याने त्याची स्मृती अशी जपली.’ ‘रोज’ हा शब्द आहे तिथे. कोतिदिए.

आणि ‘ओलिम’, एके काळचा. हा शब्द मला सोडत नाहीये. चाहता होता, आता नाही, असं म्हणायचंय का त्याला? मला वाटत नाही. तो २९ वर्षांचा असताना जे चर्च त्याने पाहिलं, त्याचा तो चाहता. पन्नाशीला आलेला माणूस त्याच दारातून आत शिरतो तेव्हा समोर वेगळीच इमारत आहे. परक्या देशात मोडकळीला आलेल्या चर्चच्या भिंतीखाली बसून त्याने स्वतःच्या मुलखाचं, बोहेमियाचं, नाव आपल्या नावाला लावलं, हेही मनात राहतं.

२७ जुलै

थर दिला. मेण, राळ आणि डांबर वितळवून केलेली वडी. पत्रा आधी खडूच्या पुडीने घासून पाणी टाकलं. पाणी थेंब न होता सपाट पसरलं, म्हणजे तेल गेलं. मग पत्रा तापवून थर पसरला आणि उलटा टांगून मेणबत्तीच्या काजळीने काळा केला. काळ्यावर सुईची रेषा तांब्याच्या रंगात चमकते.

रेखाटन उतरवायला कागदाच्या पाठीला गेरू चोळला. जुन्या कारागिरांची हीच रीत, आब्राहाम बोस या फ्रेंच चित्रकाराने १६४५ च्या आपल्या एचिंगच्या पुस्तकात तांबड्या खडूचं सांगितलंय. चित्र पत्र्यावर उलटं उतरवावं लागतं, डावी भिंत उजवीकडे. आरसा टेबलावर उभा केला आणि त्यात बघत काम सुरू केलं. पहिल्या तासात डोकं गरगरलं. होलारला तर ही सगळी लॅटिन अक्षरंही उलटी लिहायची होती.

४ ऑगस्ट

होलारबद्दल सांगतात की तो ताशी ४ पेन्सवर काम करायचा. समोर वाळूचं घड्याळ, आणि कुणी बोलायला आलं की तो ते आडवं करून ठेवी, म्हणजे गप्पांचा वेळ गिऱ्हाइकाच्या माथी पडू नये. मीही फोनवर एक तास लावून बसले.

तासाभरात एक खांब. तोही तळापासून वरच्या नक्षीपर्यंत, अर्ध्या रुंदीचा. आडव्या-उभ्या रेषा एकमेकींना छेदत नेऊन गोलाई आणायची. खांबाच्या उजेडाकडच्या कडेला रेषा थांबते, टेकत नाही. ही थांबलेली जागाच खांबाला गोल करते. तिथे एक रेषा जरी पुढे गेली तरी खांब सपाट होतो. माझ्या दोन गेल्या.

या माणसाच्या नावावर अडीच हजारांहून जास्त पत्रे आहेत. आजचा तास धरून हिशेब करायला बसले आणि अर्ध्यावर सोडून दिला. मान दुखत होती.

११ ऑगस्ट

अॅसिड. होलारच्या काळी नायट्रिक असायचं, बुडबुडे पिसाने झटकत बसायचे. मी फेरिक क्लोराइड वापरते. धूर कमी, खाणं सावकाश, रेषेची भिंत सरळ उतरते.

दालनाची खोली कशी येते ते इथे कळलं. सगळं एकाच वेळी खाऊ द्यायचं नाही. ८ मिनिटांनी पत्रा बाहेर काढून दूरच्या कमानींवर व्हार्निश लावून त्या बंद केल्या. मग आणखी १२ मिनिटं, मधला खांब बंद. उरलेला जवळचा खांब एकूण ४५ मिनिटं. जवळची रेषा खोल, शाई जास्त धरते, काळी दिसते. दूरची केसाएवढी. म्हणजे अंतर तो काळाने मोजत होता. मिनिटांनी. माझ्यासाठी या सगळ्या कामातली ही सर्वात मोठी गोष्ट ठरली. भिंतीवरच्या चित्रात आता मला दालन दिसत नाही, आधी अॅसिडच्या पायऱ्या दिसतात.

पण छताच्या कोपऱ्यात घात झाला. थर देण्याआधी तिथे माझं बोट लागलं असणार. तेवढ्या भागात मेण सुटलं आणि अॅसिड आत शिरलं. पत्रा धुतला तेव्हा दोन बरगड्यांच्या मधे नखाएवढा खडबडीत डाग. इतकं वाईट वाटलं की पत्रा पालथा घालून बाहेर पडले. पेठेत ढोल-ताशाचा सराव चालू होता, त्या आवाजात अर्धा तास नुसती चालत राहिले.

१५ ऑगस्ट

डाग स्क्रेपरने खरवडला, बर्निशरने घोटला. डाग गेला, पण तिथे पत्र्यात खळगा पडला. खळग्यात शाई साचणार आणि छपाईत काळा ढग येणार. यावर जुना उपाय म्हणजे पत्रा मागून ठोकून खळगा वर आणायचा. तो माझ्या हाताचा नव्हे.

पुन्हा तांबट आळी. काकांनी कंपासचं एक टोक खळग्यावर आणि दुसरं मागे टेकवून नेमकी जागा काढली, तिथे खडूची खूण केली. पत्रा पालथा ऐरणीवर, खाली जाड कागद, आणि लहान हातोडीचे सहा-सात ठोके, टिचकी मारावी तसे. उलटा करून अंगठा फिरवला, डोळे मिटून. “अजून जरासा.” दोन ठोके. परत अंगठा. “आता बघा.” मी पट्टी आडवी ठेवली. खालून उजेड आला नाही. पैसे घेईनात, म्हणाले झाल्यावर दाखवायला आणा.

१८ ऑगस्ट

दोन बरगड्या पुन्हा रेखल्या, पुन्हा खाऊ दिल्या. पहिलं प्रूफ, म्हणजे चाचणीचा ठसा, काढलं. शाई जरा तापवून भरली, जाळीच्या कापडाने पुसली, शेवटी तळहाताने. कागद रात्रभर ओला करून दाबून ठेवला होता.

जवळचा खांब चांगला. दूरच्या कमानी फारच फिक्या, ८ मिनिटं कमी पडली, १० हवी होती. छताच्या कोपऱ्यात दुरुस्ती दिसते, पण शोधली तरच.

२७ ऑगस्ट

आजच्याच तारखेला, १६६६ मध्ये, वास्तुकार क्रिस्टोफर रेन, डायरीसाठी प्रसिद्ध असलेला लेखक जॉन एव्हलिन आणि आणखी काही मंडळी जुन्या सेंट पॉलची पाहणी करायला गेली होती. काय पाडायचं, काय ठेवायचं याची चर्चा. रेनच्या मनात मनोऱ्याच्या जागी घुमट होता. आठवड्यात लंडन पेटलं.

दुसरा पत्रा घेतला. सुळका. आधी मापं बघितली आणि गोंधळ समोर आला. डग्डेल यांनी जुन्या फलकावरची मापं दिली आहेत: चर्चची लांबी ६९० फूट, मनोरा २६० फूट, त्यावरचा लाकडी सुळका २७४ फूट, आणि तरीही एकूण उंची ५२० हून जास्त नाही. बेरीज ५३४ होते. सुळक्याचा पाया मनोऱ्याच्या कठड्याआड खाली बसलेला असणार, असं म्हणून ती जुळवता येते. लांबी मात्र जुळत नाही, नंतरच्या अभ्यासकांनी ती ५८५ फुटांच्या आसपास धरली आहे. रेनने सुळक्यासह उंची ४६० च धरली. म्हणजे होलारने सुळका काढला तेव्हा त्याच्या हातात आकडे होते तेही डळमळीत.

१ सप्टेंबर

सुळका रेखून झाला. तीन बैठका. आता जे हाताला कळलं ते लिहिते, कारण मला वेगळंच अपेक्षित होतं.

फरक नाही. न पाहिलेल्या सुळक्याच्या रेषा पाहिलेल्या खांबाइतक्याच ठाम आहेत. तीच थांबणारी कड, तेच अंतर. मला वाटलं होतं हात कुठेतरी चाचपडेल, सुळका गुळगुळीत आणि पोकळ लागेल. तसं काही नाही. ज्याच्या हातात कसब आहे त्याची रेषा कुठलीही गोष्ट तितक्याच खात्रीने सांगते.

याची थोडी भीती वाटली. कारण हा एक सुळकाच नव्हे. त्याच ग्रंथातली बरीच थडगी होलारने १६४१ च्या रेखाटनांवरून केली आहेत. युद्ध जवळ आलं तसं डग्डेल विल्यम सेजविक या चित्रकाराला बरोबर घेऊन चर्चमधली स्मारकं टिपत फिरले, सर ख्रिस्तोफर हॅटन यांच्या पाठबळाने. पुढे त्यांतल्या बऱ्याच गोष्टींची मोडतोड झाली. म्हणजे आपण होलारचं म्हणून जे बघतो त्यात सेजविकचे डोळे आहेत. ताडून बघायला फार थोडं उरलंय. कफन पांघरून उभा असलेला कवी जॉन डनचा पुतळा आगीतून वाचला आणि आजच्या सेंट पॉलमध्ये उभा आहे.

रात्री पुन्हा सुळक्याच्या चित्रावरचा मजकूर वाचला. लॅटिनमध्ये लिहिलंय: वीज पडून सुळका जळण्याआधी हे चर्च ‘एके काळी जसं होतं तसं’. तिथेही तोच शब्द. ओलिम. दालनाच्या चित्रात तो स्वतःला लावतो, इथे इमारतीला. रेषेला जे सांगता येत नाही ते त्याने अक्षरांत सांगून ठेवलं: हे मी पाहिलेलं नाही, हे पूर्वीचं. आणि मी दोन महिने फक्त रेषा बघत होते.

४ सप्टेंबर

१६६६ मध्ये याच दिवशी सेंट पॉल जळलं. दुरुस्तीसाठी भोवती पुन्हा लाकडी परांची होती, तिने पेट घेतला. छतावरचं शिसं वितळून रस्त्यांतून वाहिलं, असं एव्हलिनने डायरीत लिहिलंय. तळघरातल्या सेंट फेथच्या चर्चमध्ये पुस्तकविक्रेत्यांनी सुरक्षित म्हणून ठेवलेला माल सगळा गेला. होलारचे पत्रे राहिले. १७१६ मध्ये डग्डेल यांच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा ते पुन्हा छापले गेले.

दुसरा पत्रा अॅसिडमध्ये घातला. सुळका ३० मिनिटं, आकाश रिकामं.

१९ सप्टेंबर

विसर्जन झालं, रस्ते मोकळे झाले. आज दोन्ही पत्र्यांचे सहा-सहा ठसे काढले.

छापायच्या आधी खालच्या पट्टीत नाव घालायचं होतं. पहिल्या पत्र्यावर मी जुलैतच ‘लंडनच्या सेंट पॉलचं मुख्य दालन’ असं कच्चं लिहून ठेवलं होतं. ते घातलं नाही. मी तिथे उभी राहिलेली नाही, आणि ते दालन आता कुठेच नाही. उलट्या देवनागरीत, आरशात बघत, ब्यूरिनने थेट तांब्यात कोरलं: ‘होलारच्या १६५८ च्या छापावरून. त्याने पाहिलेलं.’ दुसऱ्यावर: ‘होलारच्या छापावरून. त्यानेही न पाहिलेलं.’ ‘छ’ उलटा कोरताना दोन्ही वेळा हात अडला.

दालनाचा तिसरा ठसा सगळ्यात स्वच्छ आला. तो काकांसाठी वेगळा ठेवलाय. कागद अजून ओलसर आहे, परवा नेईन.